मागितलेला मान

लढाईवरून परतलेला एक वैमानिक म्हातारपणी सरकारला पत्र लिहितो : माझी एवढी उड्डाणे झाली, तुमच्याच नियमाप्रमाणे मला आणखी पदके मिळायला हवी होती, ती राहून गेली आहेत. असे अर्ज जगात अनेक देशांत झाले आणि होतात. ते वाचून आपल्यासारखी घरी बसलेली माणसे नाक मुरडतात. पराक्रम केला तो केला, आता त्याचे बिल कशाला पाठवायचे? मान मिळतो, तो मागायचा नसतो. हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे म्हटले जाते की ते कधी कोणी तपासून पाहिले असेल असे वाटत नाही.

तपासायचे तर आधी त्या वैमानिकाच्या बाजूने पाहू. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधून जर्मनीवर बाँब टाकायला जाणाऱ्या अमेरिकन आठव्या हवाई दलाने पदकांची सांगड मोहिमांच्या संख्येशी घातली होती. काही काळ रीत अशी होती, की पाच मोहिमा झाल्या की 'एअर मेडल', पुढच्या दर पाच मोहिमांना त्याच फितीवर ओकच्या पानांचे एक लहानसे चिन्ह, आणि पंचवीस पुऱ्या झाल्या की 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस'. पुढे मोहिमांची संख्या वाढवली गेली, नियमही बदलले. आता हा तराजू कोणी टांगला? त्या पोराने नाही. विमानात बसताना आपण परत येऊ की नाही हेच ज्याला ठाऊक नव्हते, त्याने पाचाला एक असा भाव ठरवला नव्हता. तराजू सरकारचा, वजने सरकारची, वहीही सरकारची. पन्नास वर्षांनी तो आपले लॉगबुक उघडून म्हणतो की माझ्या नावापुढची बेरीज चुकली आहे. यात हावरेपणा कुठे आला? बेरीज करण्याची सवय त्याला आपणच लावली.

यावर आपल्याकडचा ठरलेला आक्षेप निष्काम कर्माचा. फळाची आशा धरली की कर्माचे तेज गेले. आक्षेप मोठा आहे, पण तो कोण कोणाला ऐकवतो इकडे लक्ष द्यावे. निष्काम कर्म हे व्रत आहे, आणि व्रत ज्याचे त्याने घ्यायचे असते. एकादशी मी करीन. तुम्ही उपाशी राहावे म्हणून मी तुमचे ताट उचलून नेऊ लागलो तर ती एकादशी होत नाही. ज्येष्ठतेच्या यादीत आपले नाव एका जागेने खाली गेले तर दिल्लीपर्यंत लढणारे आपण, म्हाताऱ्या सैनिकाला मात्र खिडकीबाहेर उभे करून गीता सांगतो.

आता आपल्या दादऱ्याकडे येऊ. वापीहून सिल्वासाला जाताना लागणारे हे गाव म्हणजे दादरा, डेमणी आणि तिघरा या तीन गावांचा एक तुकडा. नगर हवेलीपासूनही तो वेगळा, मध्ये भारताची जमीन. जुलै १९५४ च्या उत्तरार्धात एका रात्री फ्रान्सिस मस्करेन्हस आणि त्यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या मूठभर साथीदारांनी दादऱ्याचे पोलीस ठाणे घेतले. २८ जुलैला आझाद गोमंतक दलाच्या लोकांनी नरोली घेतली. २ ऑगस्टला भर पावसात सिल्वासा मुक्त झाले. ११ ऑगस्टला पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो शरण आला. सिल्वासावर चालून आलेल्यांत पुण्या-मुंबईकडची पुष्कळ मराठी मुले होती, एकूण आकडा शंभराच्या आसपास. त्यांत राजा वाकणकर होते, सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, विश्वनाथ नरवणे होते. शस्त्रांसाठी पैसा उभा राहावा म्हणून लता मंगेशकर पुण्यात गायल्या होत्या. पुढच्याच वर्षी पुणे आकाशवाणीवरून फडक्यांचे 'गीतरामायण' सुरू झाले आणि महाराष्ट्राने त्यांना त्या सुरांसाठी डोक्यावर घेतले. पुरंदऱ्यांना लोकांनी शिवचरित्रासाठी ओळखले, नरवण्यांना सोळा भाषांच्या व्यवहार कोशासाठी. या नामवंतांना १९५४ चा मान मागण्याची गरज पडली नाही, कारण दुसरा मान त्यांच्या घरी आपण होऊन आला. प्रश्न बाकीच्यांचा आहे. जे परतून कारकून झाले, मास्तर झाले, दुकान चालवू लागले, त्यांचा.

आणि इथे नियमांची एक चमत्कारिक गाठ पडते. स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्र सरकारने १९७२ मध्ये निवृत्तिवेतनाची योजना काढली, १९८० मध्ये ती सन्मान म्हणून अधिक मोकळी केली. पोर्तुगीज आणि फ्रेंच वसाहतींच्या विलीनीकरणाचे लढे तिच्या कक्षेत आले. पण पात्रता कशी मोजायची? सहा महिने तुरुंगवास, किंवा सहा महिने भूमिगत, किंवा मालमत्ता जप्त, नोकरी गेलेली, गोळीबारात वा लाठीमारात आलेले कायमचे अपंगत्व. म्हणजे मोजले गेले ते सोसणे, केलेले काम नव्हे. तुरुंगात गेलेल्याला तुरुंगाचा दाखला मिळतो. पण ज्याने अकरा-बारा दिवसांत ठाणीच घेतली, ज्याला कोणी पकडूच शकले नाही, त्याला दाखला कोणी द्यायचा? पळून गेलेल्या पोर्तुगीज फौजदाराने? हरला असता तर कागद मिळाला असता. जिंकला म्हणून कागद नाही! मोहन रानडे हे नगर हवेलीच्या मोहिमेतही होते आणि पुढे गोव्यात पकडले गेले. लिस्बनच्या तुरुंगातून ते १९६९ मध्ये सुटले, २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या यातनांपुढे मान लवतेच. पण नगर हवेलीत त्यांच्याबरोबर चाललेला, आणि पकडला न गेलेला एखादा पोरगा? त्याचे धैर्य त्या रात्री कमी होते असे कोण म्हणेल?

वैमानिकाला निदान लॉगबुक असते. प्रत्येक उड्डाणाची तारीख, वेळ, वर अधिकाऱ्याची सही. गुप्त मोहिमेत जाणाऱ्याची पहिली शिस्तच ही की काही लिहून ठेवायचे नाही. ज्या गुणाने त्याने काम फत्ते केले, त्याच गुणाने त्याचा पुरावा पुसला.

यात सरकारची एक अडचण होती असे मला वाटते, आणि ती सांगितली पाहिजे. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. तिथे भारताचे म्हणणे असे, की हा उठाव लोकांचा आहे, आमचा त्यात हात नाही. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. पोर्तुगालला नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल नेण्यापुरता वाटेचा हक्क होता, सैन्य नेण्याचा नव्हता, आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही, असे न्यायालयाने ठरवले. ११ ऑगस्ट १९६१ ला हा प्रदेश रीतसर भारतात आला. त्या मधल्या सात वर्षांत, आमचा हात नाही असे सांगणारे सरकार या मुलांच्या छातीवर पदक लावणार तरी कसे? राज्याला कधी कधी पराक्रम हवा असतो, पण त्याची पावती नको असते. इंग्रजांनी आपल्या बाँबफेकी दलाचे असेच केले. सव्वा लाख माणसांपैकी ५५,५७३ मेली. पण जर्मन शहरांवरच्या त्या बाँबफेकीची पुढे लाज वाटू लागली, आणि त्या दलासाठी पदकाच्या फितीवर लावायची वेगळी पट्टी निघायला २०१३ साल उजाडले. तोवर घ्यायला किती जण उरले असतील! अडचण समजू शकते. पण अडचण सरली की पावती आपण होऊन लिहायची असते, समोरच्याच्या अर्जाची वाट पाहायची नसते.

जाता जाता एक गंमत. हा प्रदेश पोर्तुगीजांच्या हाती गेला तोच मुळी एका भरपाईच्या दाव्यातून. 'सांताना' हे त्यांचे जहाज मराठ्यांच्या आरमाराने पकडले. त्यावरून १७७९ मध्ये पुण्याशी तह झाला, वर्षाला बारा हजारांच्या वसुलीची गावे द्यायचे ठरले, आणि १७८३ मध्ये नगर हवेली त्यांच्याकडे गेली. दादरा त्यांनी १७८५ मध्ये विकत घेतला. म्हणजे जहाजाची तक्रार करणाऱ्याला परगणा मिळाला, आणि तो परगणा परत आणणाऱ्याने तक्रार केली तर मात्र ते शोभत नाही.

तरीही त्या नाक मुरडण्यात थोडे सत्य आहे हे मी नाकारीत नाही. स्वतःच्या शौर्याविषयी स्वतःच बोलणारा माणूस ऐकणाऱ्याला अवघडवतो. पण त्या अवघडण्याचे कारण मला वेगळे दिसते. त्याच्या जागी दुसऱ्या कोणी बोलायला हवे होते, ते कोणी बोलले नाही, आणि त्या न बोलणाऱ्यांत आपणही आहोत, हे आपल्याला बोचते.

आपल्या जुन्या व्यवहारात याला एक उत्तर होते. वतनाचा वाद आला की महजर होई. दावा सांगणारा आपली हकीकत सांगे, त्यात त्याला कोणी कमीपणा मानीत नसे. मग गोत बसे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावचे चार जाणते, आणि ज्याला जे ठाऊक ते तो सांगे. कागद होई तो या सर्वांच्या साक्षीचा. मागणे एकाचे, पण बोलणे गावाचे. अमेरिकेने १९९६ मध्ये कायद्यात अशी सोय केली, की मुदत टळून गेलेल्या पदकाचे प्रकरण लोकप्रतिनिधीमार्फत पुन्हा तपासायला पाठवता यावे. तिथेही म्हाताऱ्याने एकट्याने खिडकीशी उभे राहायचे नाही, कोणीतरी त्याच्यासाठी शब्द टाकायचा, ही कल्पना आहेच.

साक्षीदाराचे मोल आपल्या दोन वैमानिकांच्या गोष्टींत दिसते. १९६५ च्या युद्धात दिलीप परुळकरांच्या विमानाला गोळ्या लागल्या, एक त्यांच्या खांद्यात घुसली. विमान सोडून उडी मार असे बरोबरच्या नेत्याने सुचवले, तरी त्यांनी ते जखमी विमान तळावर आणले. त्यांना वायुसेना पदक मिळाले. पाहणारा माणूस शेजारच्या विमानात होता, आणि जखमी विमानही समोर उभे होते. त्याच युद्धात, ७ सप्टेंबरला, सरगोध्यावर गेलेल्या मिस्टेअर विमानांतून स्क्वाड्रन लीडर देवय्या परतले नाहीत. कोणी काही पाहिले नव्हते. वहीत नोंद झाली 'बेपत्ता'. पुढे १९७९ मध्ये जॉन फ्रिकर या इंग्रज लेखकाचे पाकिस्तानी हवाई दलावरचे पुस्तक आले. त्यात त्या दिवशी एका भारतीय मिस्टेअरने कितीतरी वेगवान असे एफ-१०४ विमान पाडल्याची हकीकत होती. पाडले गेलेले विमान पाकिस्तानचे, त्यातून उडी मारून वाचलेला वैमानिकही पाकिस्तानचा. ते भारतीय विमान कोणाचे असणार हे ताडले गेले, आणि १९८८ मध्ये, तेवीस वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. त्यांनी अर्ज केला नव्हता. करूच शकत नव्हते. पहिली साक्ष आली ती शत्रूकडून.

ही गोष्ट मी दादऱ्याच्या वाचकांपुढे ठेवतो त्याला कारण आहे. शत्रूने आपल्या माणसाविषयी खरे सांगितले म्हणून एका वीराचे नाव वहीत चढले. मग आपल्याकडे शत्रूविषयी सांगण्याजोगे काही आहे का? दादऱ्याच्या ठाण्यावर त्या रात्री अनिसेतो रोझारियो नावाचा पोलीस अधिकारी होता. हाताखाली थोडे शिपाई, बाहेर अंधार, कुमक येण्याची आशा नाही. तो तिथेच मारला गेला. ज्या राज्यासाठी तो उभा राहिला ते राज्य इथून जायलाच हवे होते, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण २ ऑगस्टच्या मुक्तिदिनाची भाषणे तुम्हीही ऐकली असतील. मी ऐकलेल्या एकाही भाषणात त्याचे नाव आलेले नाही.

आणि डोंगरातल्या वारल्यांची पायवाट तुडवल्याशिवाय पावसाळ्यात या मुलखात कोणाला हिंडता आले असते, असे मला वाटत नाही. त्या पाड्यांवरची म्हातारी माणसे अर्ज लिहिणार नाहीत. त्यांच्या नातवंडांना मराठीही येते, गुजरातीही येते. खानवेलच्या बाजाराला गेलात तर बसून विचारा, चोपन्न सालच्या पावसात आजाच्या घरी कोण उतरले होते म्हणून, आणि सांगतील ते तारखेसह लिहून घ्या.