चोच आधी की चारा?

'चोच तिथे चारा' ही म्हण आपण पडत्या काळात धीर द्यायला सांगतो. तोंड देणाऱ्याने घासाचीही सोय केलेली आहे, हा विश्वास तिच्यात आहे. काही प्राण्यांचे जबडे पाहिले की तो पटतोही. चीनच्या युन्नान प्रांतात लुओपिंगला सापडलेला ॲटोपोडेन्टॅटस हा सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीचा, तीनेक मीटर लांबीचा सागरी सरीसृप. त्याचे तोंड पुढे हातोड्यासारखे दोन्ही अंगांना रुंद होते. पुढच्या कडेला पटाशीच्या आकाराच्या दातांची रांग, मागे सुईसारख्या बारीक दातांची दाटी. पुढच्या दातांनी खडकावरचे शेवाळ खरवडायचे, ते पाण्यासकट तोंडात ओढायचे आणि मागच्या दातांमधून पाणी गाळून सोडायचे, असा त्याचा आहार.

इतकी नेमकी रचना पाहून उदयनाचार्यांचा 'न्यायकुसुमांजली'तला युक्तिवाद आठवतो : कार्य आहे, तर कर्ता असलाच पाहिजे. पण याच जबड्याचा इतिहास आपल्याला सावध करतो. २०१४ मध्ये त्याचे पहिले वर्णन झाले, तेव्हा हाती आलेली कवटी चेपलेली होती. वरच्या जबड्यात मधोमध उभी फट आहे आणि हा प्राणी तळचा गाळ गाळून त्यातले बारीक जीव खात असावा, असे ठरले. २०१६ मध्ये आणखी दोन जीवाश्मांचा अभ्यास झाला. संशोधकांनी मुलांच्या खेळातली माती आणि दातकोरण्या घेऊन जबडा जुळवून पाहिला. फट उरली नाही, गाळातले जीव गेले, शेवाळ आले. म्हणजे जो जबडा मुळात तसा नव्हताच, त्यातही आपल्याला तेवढीच परिपूर्ण योजना दिसली असती.

यावर कोणी म्हणेल, चूक माणसाची झाली. दात आणि शेवाळ यांचा मेळ तर खराच आहे ना? मेळ खरा आहे. पण शेवाळ आधीपासून होते. ज्यांच्या दातांना ते थोडे अधिक खरवडता आले, ते अधिक जगले, आणि पिढ्यानपिढ्या तोंड त्या घासाजोगे घडत गेले. चोच चाऱ्यामागून आली, आणि चाऱ्याची हमी तिला कोणी दिली नाही. आजही गॅलापागोस बेटांवरचे सागरी इग्वाना शेवाळावरच जगतात. १९८२-८३च्या एल निनोत समुद्र तापला, त्यांचे नेहमीचे शेवाळ नाहीसे झाले आणि ते मोठ्या संख्येने उपासमारीने मेले. त्यांचे दात तेव्हाही तितकेच नेमके होते.

हा नास्तिकांचा युक्तिवाद आहे, हा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो भाविक मनाला खरोखर टोचतो. पण ईश्वर अनुमानाने सिद्ध होत नाही, तो शास्त्रानेच कळतो, असे श्रीभाष्यात सविस्तर मांडणारे रामानुजाचार्य परमभक्त होते. जगाकडे बोट दाखवून कर्ता सिद्ध करण्याचा मार्ग त्यांनी स्वतःच नाकारला आणि त्यांच्या भक्तीत त्याने काही उणे आले नाही. ज्याची श्रद्धा आहे त्याने ती जरूर ठेवावी. तिचा पुरावा म्हणून ॲटोपोडेन्टॅटसचा जबडा मात्र पुढे करू नये.