ओळ उचलणारे

वारज्याच्या गावठाणात पहाटे कुठे ना कुठे पेटी-पखवाज सुरू असतो; मार्गशीर्षात तर हमखास. आज जाग आली तेव्हा भजन रंगात आलं होतं आणि माझ्या कानांत मात्र काल संध्याकाळचं गाणं होतं. दोन्ही एकमेकांत मिसळत होती. वेगळी करावीत असं वाटलं नाही. मी खिडकी उघडली आणि ऐकत बसले.

काल पंचहौदला गेले होते. गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय, पुणेकरांच्या तोंडी पंचहौद चर्च. आमच्या सोसायटीतल्या एक निवृत्त शिक्षिका तिथल्या मंडळीतल्या. नाताळच्या आधी देवालयात तरुण मुलामुलींची क्वायर गॉस्पेल गाणार आहे, याच, असा त्यांनी आग्रह केला. वारजे-माळवाडीहून बसने स्वारगेट, पुढे रिक्षा, आणि पेठेच्या गर्दीत एकदम ते उंच घंटाघर समोर येतं. देवालयापासून जरा सुटं उभं असलेलं. आत आठ घंटा आहेत आणि त्या दोर ओढून, क्रम बदलत बदलत वाजवायच्या असतात. एकाने आपली घंटा क्षणभर लवकर ओढली तरी सगळी माळ विस्कटते. भारतात अशी घंटाघरं मोजकीच.

हे देवालय १८८५ सालचं. पुण्याच्या इतिहासात मात्र पंचहौद म्हटलं की चहाच आठवतो. १८९० साली इथल्या मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली, गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं छापवून आणली, आणि बहिष्काराचं ग्रामण्य उभं राहिलं. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते; पुढे प्रायश्चित्तंही झाली. हा किस्सा आपण चवीने सांगतो, पण तो सांगताना त्या आवारात सव्वाशेहून अधिक वर्षं मराठीत उपासना चालू आहे, मराठी माणसं तिथे जन्मली, लग्नं केली, रडली, गायली, हे सहज राहून जातं. मला ते राहून गेलेलं काल ऐकायला मिळालं.

मुलं तीसेक असतील. पांढरे सदरे, काळ्या पँटी, मुलींच्या गळ्यात लाल ओढण्या. पहिल्या दोन गाण्यांत माणसं बाकांवर शांत बसून होती, जशी आपण कुठल्याही बैठकीत बसतो. पुण्याला आपल्या जाणकार श्रोत्यांचा अभिमान आहे आणि तो सार्थ आहे. नेमक्या जागेला दाद देणारा श्रोता घडायला पिढ्या लागतात. पण या गाण्याला श्रोता पुरत नाही. एक आवाज ओळ टाकतो आणि थांबतो. ती उचलायला समोर कुणी नसेल तर गाणं तिथेच लोंबकळत राहतं. तिसऱ्या गाण्याला, क्वायर चालवणारा मुलगा गाणाऱ्यांकडे पाठ करून आमच्याकडे वळला आणि त्याने नुसता हात पुढे केला.

माझ्या पुढच्या बाकावर एक आजी होत्या. सुती पातळ, डोक्यावर पदर, हातात उपासना-संगीताचं झिजलेलं पुस्तक. त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि टाळी धरली. पहिली टाळी समेवर पडली, भजनाच्या हाताला असते तशी. मुलांची टाळी मात्र दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर होती. गॉस्पेलची टाळी तिथेच पडते, ठोका टाळून, ठोक्याच्या पाठीवर. आजींचे हात हवेतच थांबले. तळव्यांमध्ये बोटभर अंतर ठेवून त्यांनी एक अख्खी ओळ जाऊ दिली, मान किंचित तिरकी करून ऐकली, आणि पुढच्या ओळीला त्यांची टाळी बरोबर दुसऱ्या मात्रेवर पडली. त्यानंतर ती चुकली नाही. शेजारच्या नातीला त्यांनी कोपराने ढोसलं, तिनेही धरली. दोन-तीन आवर्तनांत आमचे सहा-सात बाक एका हाताने वाजत होते.

ही ओळ टाकायची आणि उचलायची एक रीत विलायतेतल्या गरीब चर्चांमधली. पुस्तकं थोडी, वाचणारे त्याहून थोडे. मग एकाने ओळ सांगायची, बाकीच्यांनी ती गायची. अमेरिकेत ती गुलामांच्या हाती आली आणि तिचा प्राणच पालटला, कारण तिथे वाचता न येणं हा केवळ दारिद्र्याचा भाग नव्हता. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला अक्षर शिकवणं हा कायद्याने गुन्हा होता. ज्यांच्या हातून पुस्तक हिसकावून घेतलं, त्यांनी आपलं सगळं शास्त्र, आपला सगळा इतिहास एकमेकांच्या तोंडी ठेवला. ओळ उचलली गेली नाही तर ती गेलीच.

आपल्याकडच्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. जात्याच्या एका बाजूची बाई ओवी टाकते, दुसऱ्या बाजूची ती धरते, खुंट्यावर दोघींचा हात. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हाँ यांनी पुण्यात राहून मुळशी-मावळापासून गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. वारज्याच्या पश्चिमेला थोडं गेलं की मुळशीचाच मुलूख. ज्या बायकांना शाळेची पायरी ठाऊक नव्हती, त्यांनी सासर, माहेर, सीता, लेकी, पुढे बाबासाहेबसुद्धा, सगळं जात्यापाशी जपून ठेवलं. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि ओव्या त्या दोघांनी लिहून घेतल्या म्हणून उरल्या. त्यांच्या कामाबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

गुलामांची ती गाणी जगापुढे कशी आली, हेही सांगण्यासारखं आहे. गुलामगिरी संपल्यावर १८६६ साली टेनेसी राज्यात नॅशव्हिल इथे मुक्त झालेल्यांसाठी फिस्क नावाची शाळा निघाली. थोड्याच वर्षांत तिचे पैसे संपले. खजिनदार जॉर्ज व्हाइट यांनी १८७१ मध्ये नऊ विद्यार्थी घेतले आणि गाण्यातून पैसे उभे करायला ते गावोगाव निघाले. त्यांतली एला शेपर्ड पियानो वाजवायची. ती जन्मली गुलामीत. बापाने पैसे मोजून तिला सोडवून आणलं होतं. या मुलांना आपल्या आईबापांची गाणी लोकांपुढे म्हणायचीच नव्हती. त्यांत गुलामीच्या दिवसांच्या आठवणी होत्या आणि थोरांच्या लेखी ती पवित्र होती. खोलीत खुर्च्या पुरत नव्हत्या, म्हणून जमिनीवर बसून, हळू आवाजात, ती एकमेकांकडून शिकत राहिली, असं एलाने पुढे लिहून ठेवलं आहे. मग एकदा ती गाणी मंचावर आली आणि ऐकणारे हलले. १८७३ मध्ये या मुलांनी इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीपुढे गायन केलं. गाण्याच्या पैशांतून उभी राहिलेली ज्युबिली हॉलची इमारत आजही फिस्कच्या आवारात आहे. त्यांच्यातल्याच फ्रेडरिक लाउडिनचा संघ तर पुढे जगप्रवास करत हिंदुस्थानातही येऊन गेला.

१८७३. मी काल त्या बाकावर बसून याच सालाचा विचार करत होते. त्याच वर्षी, पंचहौदपासून चालत जाता येईल अशा गंजपेठेतल्या घरी राहणाऱ्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, ही आशाही त्याच अर्पणपत्रिकेत आहे. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, ती शिकवण्यासाठी सावित्रीबाई ज्यांच्याकडून तयार झाल्या त्यांत अहमदनगरच्या अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार होत्या. अक्षरबंदीचं दुःख काय असतं हे या घराला माहीत होतं. एकीकडे मुक्त झालेली मुलं राणीपुढे गात होती, दुसरीकडे पुण्याच्या पेठेत एक माणूस त्यांच्या मुक्तीला साक्षी ठेवून पुस्तक लिहीत होता. एकमेकांची नावं त्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही. पण ओळ टाकली गेली होती आणि ती इथे उचलली गेली, असंच मला वाटतं.

ती पुढेही जात राहिली. फिस्कमध्येच शिकलेल्या डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९०३ च्या आपल्या पुस्तकात जवळजवळ प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर या दुःखगीतांच्या स्वरलिपीचा एक तुकडा छापला, शब्दांवाचून, नुसते सूर. आणि १९४६ मध्ये त्याच डु बॉइसना बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिलं: अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मला मिळेल का? अस्पृश्यांच्या वतीनेही तसं काही करता येईल का, हे त्यांच्या मनात होतं. डु बॉइसनी उत्तर दिलं, आस्थेने.

गॉस्पेल म्हणून जे आपण आज ऐकतो ते या दुःखगीतांच्या नंतरचं, शहरांतलं. दक्षिणेतून कामासाठी शिकागोला आलेल्या माणसांचं. थॉमस डॉर्सी हा आधी ब्ल्यूज वाजवणारा पियानोवादक. १९३२ मध्ये तो सेंट लुईसला गाण्यासाठी गेला असताना घरी बायको बाळंतपणात गेली. मूलही पाठोपाठ गेलं. त्या शोकात त्याने जे गाणं रचलं, त्यात देवाकडे एवढंच मागणं आहे की माझा हात धर. ‘प्रेशस लॉर्ड’ या नावाने ते जगभर गायलं जातं. मार्टिन लूथर किंग यांचं ते आवडतं, आणि १९६८ मध्ये त्यांच्या अंत्यविधीत महालिया जॅक्सन यांनी ते गायलं. काल एका मुलीने ते एकटीने सुरू केलं. आवाज कोवळा, वरच्या सुराला जरा कापरा. दुसऱ्या कडव्याला बाकीच्यांनी तिच्या खाली सूर लावले, शब्द नाहीत, नुसता आधार, आणि त्या कापऱ्या आवाजाला जमीन मिळाली. शोकात माणसाला काय हवं असतं, ते मला त्या खालच्या सुरांत दिसलं. आपण दुःखात असलेल्याला काहीतरी बोलायला जातो. बहुतेक वेळा त्याच्या सुराखाली सूर धरून उभं राहणं पुरेसं असतं.

त्यानंतर पेटी-तबला पुढे आला आणि मुलांनी रेव्हरंड टिळकांचं एक गीत घेतलं. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. पण येशूपर्यंतची त्यांची वाट तुकोबांवरून गेली होती आणि हे ते उघडपणे सांगत. मंडळीने परक्या चालींवर अडखळत गावं हे त्यांना सोसत नसे. म्हणून अभंगाच्या, ओवीच्या वळणाची शेकडो गीतं त्यांनी दिली आणि हातात टाळ घेऊन कीर्तनं केली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे आपल्याला त्यांचं घर माहीत आहे, भांडणं माहीत आहेत, गीतं मात्र ख्रिस्ती मंडळींपुरतीच राहिली. मराठी वाचकाने हे अंतर कापायला हवं. ते गीत सुरू झालं आणि आजींचं पुस्तक मिटलेलंच राहिलं. त्यांना सगळं पाठ होतं. टाळी पुन्हा समेवर आली होती.

येताना बसमध्ये शिक्षिकाबाईंना मी एक गोष्ट बोलून दाखवली, ती इथेही मांडते. ११ एप्रिल २०२७ ला जोतीरावांच्या जन्माला २०० वर्षं पूर्ण होतील आणि त्या दिवशी रविवार आहे. फुलेवाड्यात, त्यांच्या त्याच गंजपेठेतल्या घरी, पुतळ्याला हार पडतील, भाषणं होतील. जोतीरावांनी अखंड लिहिले, अभंगाच्या चालीचे, चारचौघांत गाता यावेत असे. त्या सकाळी पंचहौदची उपासना आटोपल्यावर या मुलांनी तेवढं अंतर चालत वाड्यावर यावं, आमच्या वारज्याच्या भजनी मंडळानेही टाळ-पखवाज घेऊन यावं, आणि अंगणात एकाने अखंड टाकावा, बाकीच्यांनी उचलावा. नंतर मुलांनी फिस्कच्या पोरांचं एखादं गाणं टाकावं, ते टाळकऱ्यांनी उचलावं. टाळी कुठल्या मात्रेवर हे एखाद-दुसऱ्या आवर्तनात जमून जाईल. बाईंनी पर्समधून डायरी काढली, तारीख लिहून घेतली आणि म्हणाल्या, “सराव आत्तापासून लावायला लागेल. आमच्या पाळकसाहेबांशी मी बोलते. भजनी मंडळाचं तुम्ही बघा.”