जात्यापलीकडचं माणूस

भाजी निवडता निवडता गुणगुणणाऱ्या बाईला कुणी ना कुणी म्हणतंच, "एवढा गोड गळा, नुसता वाया घालवताय. रेकॉर्ड करून टाका की!" परवा आमच्या जिन्यात हे वाक्य कानावर पडलं आणि दिवसभर सलत राहिलं. बाईंच्या मेथीच्या जुड्या निवडून झाल्या होत्या, शेजारचं रडणारं पोर गप्प झालं होतं, त्यांचा स्वतःचा चेहराही जरा निवळला होता. यात वाया काय गेलं?

छंदाने मन रमतं, ताण उतरतो, म्हातारपण सुसह्य होतं, हे सगळं रविवारच्या पुरवण्यांनी आपल्याला पाठ करून दिलेलं आहे. ते सोडून देऊ. मला छळतो तो प्रश्न असा, की जे केलं ते दाखवायलाच हवं का? आणि हवंच असेल, तर कुणाला?

मी मनाशी फार दिवस एक वाटणी करून ठेवली आहे : एका बाजूला सोबती, दुसऱ्या बाजूला प्रेक्षक. जात्यावर दोघी समोरासमोर बसत, खुंट्याला दोघींचा हात. एकीने ओवी उचलली की दुसरी सूर मिळवी, नाहीतर तिच्यापुढे आपली जोडी. माहेर, भाऊ, सासुरवास, विठोबा. ऐकायला तिसरं कुणी नाही; असलंच तर मांडीवर पेंगणारं पोर. दळण सरलं की गाणं सरलं, आणि त्याची खंत कुणाला नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, तेव्हा गावात पिठाची गिरणी येऊन बसली होती आणि जाती कोपऱ्यात गेली होती. ओवी आटली ती छापली नाही म्हणून नव्हे. समोर बसणारी उठून गेली म्हणून आटली. तेव्हा कलेला लागतो तो सोबती. प्रेक्षक ही नंतर लागलेली सवय. एवढं म्हणून मी आजवर स्वस्थ बसत असे.

माझा एक मित्र मला स्वस्थ बसू देत नाही. निवृत्त मास्तर आहे, आणि गणेशोत्सवातल्या हौशी कलावंतांच्या कार्यक्रमाचा तहहयात सूत्रसंचालक. त्याच्या मते दाखवल्यावाचून कला पुरी होत नाही, आणि त्याच्या भात्यात नेहमी एकच बाण असतो : कवयित्री बहिणाबाई चौधरी. "मुलाने, सोपानदेवांनी, लिहून घेतलं नसतं, अत्र्यांनी पुढाकार घेतला नसता, तर कुठली रे तुझी बहिणाबाई?"

पण तो नफा आपला झाला, बाईंचा नव्हे. त्या गेल्या 1951 च्या डिसेंबरात. पुस्तक निघालं 1952 साली. त्यांनी ते हातात धरलंच नाही. असोद्याहून जळगावात दिलेल्या, तरुणपणीच वैधव्य आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या त्या बाईंना वाट सापडली ती शेतात, चुलीपाशी, जात्यापाशी. छापखाना लागला तो आपल्याला, त्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी. मास्तर यावर "भावनाविवश होतोस" एवढंच म्हणतो आणि गुणांचा तक्ता आखायला घेतो. त्याच्याकडे सादरीकरणाला वेगळे गुण असतात. पाच वर्षांच्या पोरीने स्वतःसाठी मारलेल्या गिरकीला दहापैकी सहा देणाऱ्या माणसाशी वाद तरी काय घालायचा?

वाद जिंकल्यासारखा वाटत होता. मग एक चित्र आडवं आलं.

वारली लग्नाचा चौक माझ्या बाजूचा भक्कम साक्षीदार आहे असं मी धरून चाललो होतो. कुडाच्या, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहायचा; हात सवाशिणींचा, जोडीला लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी. खाली नाव नाही. लग्न झालं की चित्राचं कामही झालं. सोबत्यांची कला म्हणतात ती हीच. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार वारली पाड्यांवर कागद घेऊन गेले, आणि कागदावर ज्यांचा हात सुटला त्यांत पुढे सर्वांत गाजला तो एका पुरुषाचा : डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. लहानपणी आई गेली तेव्हा त्यांनी बोलणंच टाकलं, काय हवं-नको ते धुळीत रेघा ओढून सांगत, असं त्यांच्याविषयी सांगतात. या माणसाला चौकात जागा कुठे होती? चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. म्हणजे पुरुषाचा नाही, विधवेचाही नाही. कागदाला मात्र ना मुहूर्त, ना मान. म्हसे रोज काढू लागले, लग्न असो नसो. त्यांचं ते मासेमारीचं जाळं आठवा : पांढऱ्या बारीक रेघांनी विणलेला प्रचंड पसारा. तो कुठल्याही चौकात मावला नसता. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. पद्मश्रीचं मला फारसं कौतुक नाही. पण धुळीतली रेघ जाळ्यापर्यंत गेली ती दूरच्या परक्यांच्या नजरेवर, हे नाकारू कसं?

इथे माझी वाटणी हलते. सोबती आपल्याला फार ओळखतो, आणि ओळखतो म्हणून अडवतोही. घराने एकदा ठरवलं, की ही आरत्या छान म्हणते. मग चाळिशीत तिने लावणी म्हणून पाहिली तर पहिलं हसू घरातूनच फुटतं. जात्यावरच्या ओवीतसुद्धा सासूचा जाच गायचा तो सासू कानाआड असताना. परक्याला आपली इयत्ता ठाऊक नसते. त्याच्यासमोर आपण अजून काहीही होऊ शकतो, आणि कित्येकांना आपला हात कशात चालतो हे कळतं ते अशाच कुणासमोर.

मग दाखवायला हवं. हो, अनोळखी माणसालाच दाखवायला हवं, आणि पुरं होण्याआधी दाखवायला हवं. फक्त तो परका कसा असावा याबद्दल मी अजून हट्टी आहे. कागद देऊन जाणारा आणि काय उमटलं ते बघायला पुन्हा पाड्यावर येणारा, तो चालेल. तक्ता घेऊन बसलेला नको. आता एवढं मान्य केलं आहे हे मास्तरच्या कानावर गेलं, तर यंदाच्या गणपतीत तो माझं पेटीवादन ठेवणार, पहिल्याच क्रमांकावर, लहान मुलांच्या नाचाआधी.