दिवा कुणालाही बदलता आला पाहिजे

घरातला दिवा गेला, तर कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा आणून घरातल्या कुणालाही तो बदलता आला पाहिजे. एवढी साधी गोष्ट हक्क म्हणून मागावी लागेल, असे वीस वर्षांपूर्वी कुणाला वाटले नसते. आज ती मागावी लागते आहे, आणि ती मागायला बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीसारखी दुसरी जागा नाही.

होसूर रस्त्यावरची ही वसाहत केऑनिक्स या कर्नाटक सरकारच्या कंपनीने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कारखान्यांसाठी वसवली. पुढे सॉफ्टवेअर कंपन्या आल्या, 2010 मध्ये सिल्क बोर्डपासूनचा उन्नत मार्ग झाला, ऑगस्ट 2025 मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. या सगळ्याच्या आगेमागे निवासी संकुले उभी राहत गेली. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगावहून नोकरीसाठी आलेल्या अनेक मराठी कुटुंबांनी इथे कर्ज काढून घरे घेतली. नव्या घरांच्या दिवाणखान्यात वर पाहावे तर फॉल्स सीलिंग, त्यात बसवलेले गोल-चौकोनी डाउनलाइट, कडेने लपवलेल्या एलईडी पट्ट्या. सगळे दिवे कमी विजेचे. पण साधा पिनचा होल्डर मात्र कित्येकदा अख्ख्या घरात सापडत नाही.

कमी विजेच्या दिव्यांना माझा विरोध नाही. साठ वॉटचा जुना बल्ब जेवढा उजेड द्यायचा, तेवढा सात ते नऊ वॉटचा एलईडी देतो. ही बचत प्रत्येक घरात व्हायलाच हवी. माझा विरोध आहे तो दिव्याला सीलिंगमध्ये कोंडून टाकण्याला.

हा दिवा बिघडतो कसा, हे समजून घेतले पाहिजे. एलईडीची चकती सहसा लवकर मरत नाही. आधी जातो तो तिचा ड्रायव्हर, म्हणजे घरातल्या विजेचे चकतीला लागणाऱ्या ठरावीक प्रवाहात रूपांतर करणारा छोटा डबा. त्याच्या आतले कपॅसिटर उष्णतेने सुकतात, आणि सीलिंगच्या वरच्या बंद पोकळीत उष्णता कोंडलेलीच असते. दिवा आधी लुकलुकतो, मग बंद पडतो. नवा ड्रायव्हर आणायला जावे तर त्याचा मिलिअँपिअर आणि व्होल्टेजचा आकडा जुळला पाहिजे. प्रवाह जास्त झाला तर चकतीही जळते. जोडणीची टोकेसुद्धा कंपनीगणिक वेगळी. अख्खा दिवाच बदलायचा म्हटले तर त्या मापाचे मॉडेल बाजारातून गेलेले असते, आणि दुसऱ्या कंपनीचा दिवा जुन्या भोकाला लहान पडतो किंवा मोठा. भोक मोठे करा, पीओपी भरा, रंग लावा. तोही आधीच्या रंगाशी जुळत नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार हात वर करतो आणि एका दिव्यासाठी माणूस वीसेक किलोमीटरवरच्या एस. पी. रोडला किंवा बी. व्ही. के. अय्यंगार रोडला जातो.

या त्रासाची किंमत कोण मोजतो? घर विकून मोकळा झालेला बिल्डर नाही, नक्षी काढून गेलेला इंटिरियरवाला नाही. मोजतो तो भाडेकरू, ज्याला सीलिंगला हात लावायची परवानगी नसते. मोजतात मुलाकडे राहायला आलेले आईवडील, ज्यांनी आयुष्यभर बल्ब स्वतः बदलला आणि आता वायरमनची वाट पाहत अंधाऱ्या पॅसेजमधून ये-जा करतात. आणि मोजतो कचरा. एक सुटा भाग निकामी झाला म्हणून धातूची चौकट, चांगली चकती आणि काच असा सगळा संच फेकला जातो. वीज वाचवणारी वस्तू अशी फेकावी लागत असेल, तर ती बचत अर्धवट आहे.

जुन्या ट्यूबलाइटची व्यवस्था आठवून पाहा. पट्टी, चोक, स्टार्टर आणि ट्यूब असे चार भाग, चारही सुटे मिळणारे. काय गेले आहे ते वायरमन दोन मिनिटांत सांगायचा आणि तेवढेच बदलायचा. त्या चोकमध्ये वीज वाया जायची, हे खरे. पण सुटे भाग आणि ठरलेले माप हा त्या व्यवस्थेचा गुण टाकून देण्याचे काही कारण नव्हते.

ठरलेल्या मापाची ताकद किती असते, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. 5 जानेवारी 2015 रोजी उजाला योजना सुरू झाली. ईईएसएल या सरकारी कंपनीने एलईडी बल्बची घाऊक खरेदी केली आणि 2014 मध्ये 310 रुपये असलेला खरेदीचा दर 2016 मध्ये 38 रुपयांपर्यंत उतरला. योजनेतून 36 कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. एवढे बल्ब घरोघर लागले कशामुळे? भारतभरच्या घरांत 22 मिलिमीटरचा, दोन पिनांचा तोच होल्डर होता म्हणून. कुणाला वायरिंग बदलावे लागले नाही, वायरमन बोलवावा लागला नाही. जुना बल्ब काढला, नवा फिरवून बसवला, झाले. दर उतरला तो घाऊक खरेदीमुळे, पण उजेड झोपडीपर्यंत पोचला तो त्या सामायिक होल्डरमुळे. गरिबाच्या घरात जे तंत्र इतक्या सहज शिरले, तेच लाखोंचे घर घेणाऱ्याच्या छतात अडून बसावे, हे आपण मुकाट्याने का स्वीकारतो?

सद्हेतूनेही हीच चूक होऊ शकते, हे ब्रिटनने दाखवले. तिथल्या 2002 च्या बांधकाम नियमांनी नव्या घरांत काही जागी फक्त कमी विजेचेच दिवे बसतील असे होल्डर मागितले. माणूस उद्या जुना बल्ब लावील, या भीतीने होल्डरच वेगळा केला. तीन पिनांचे, चार पिनांचे प्रकार आले आणि जवळच्या दुकानात न मिळणाऱ्या महागड्या दिव्यांसाठी घरमालक वणवण करू लागले. काहींनी ते होल्डरच काढून टाकले. बचतीची सक्ती माणसाला अडवून केली, की तो बचतीवरच चिडतो. सुधारणा टिकते ती लोकांच्या हाती साधन दिल्याने.

युरोपीय संघाने पुढे योग्य दिशा धरली. 1 सप्टेंबर 2021 पासून लागू झालेल्या नियमानुसार दिव्याच्या संचातला प्रकाशस्रोत आणि सुटा ड्रायव्हर साध्या हत्यारांनी, संच न मोडता बदलता आला पाहिजे. नसेल तर त्याचे तांत्रिक कारण द्यावे लागते. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विषय हाती घेतला. मोबाइल, वाहने, शेतीची अवजारे, घरगुती उपकरणे त्यात आली. छतातला दिवा त्या यादीत ठळकपणे आला पाहिजे. एलईडी दिव्यांच्या आणि ड्रायव्हरच्या सुरक्षेसाठी भारतीय मानक ब्यूरोची मानके आहेत. तीच शिस्त आता मापाला लावावी: भोकाचे मोजके व्यास, ड्रायव्हरचे मोजके प्रवाह, जोडणीचे एकच टोक. चार्जरसाठी ब्यूरोने टाइप-सीचे मानक आणले, तर दिव्यासाठीही आणता येईल.

सुंदर छत हवे तर सोय सोडावी लागते, असे सांगितले जाते. हे खरे नाही. डाउनलाइटच्या संचातही बदलता येणारा बल्ब बसतो. एमआर-16 किंवा जीयू-10 जातीचे एलईडी त्यासाठीच असतात. छतात थोडी जास्त खोली ठेवावी लागते, इतकेच. एलईडी पंचवीस हजार तास चालतो, मग बदलायचा कशाला, असेही म्हणतात. रोज सहा तास धरले तर ती अकरा वर्षे झाली, तीही ड्रायव्हरने साथ दिली तर. घर त्याच्या कितीतरी पट वर्षे उभे राहायचे असते.

कायदा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम 14 नुसार करारात लिहिलेल्या फिटिंगचे स्वरूप बिल्डरला खरेदीदाराच्या संमतीशिवाय बदलता येत नाही, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत कारागिरीचा वा दर्जाचा दोष कळवला तर तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करावा लागतो. पण करारात 'एलईडी दिवे' एवढेच लिहिले असेल तर मागायचे काय? म्हणून सही करण्याआधी लिहून घ्या: प्रत्येक खोलीत किमान एक प्रमाणित होल्डर, प्रत्येक डाउनलाइटचे माप आणि ड्रायव्हरचे आकडे, ताबा देताना काही सुटे ड्रायव्हर. इंटिरियरवाल्यालाही हीच अट घाला. संकुलाच्या असोसिएशनने जिने, पार्किंग आणि लॉबीसाठी एकच माप ठरवावे व ते रहिवाशांना कळवावे; म्हणजे गेटाबाहेरचा दुकानदारही तो माल ठेवील.

इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणाऱ्या अभियंत्यांवर याची विशेष जबाबदारी आहे. एका कंपनीची वस्तू दुसरीशी जुळावी म्हणून मानके पाळणे हे त्यांचे रोजचे काम आहे. जी शिस्त ते कचेरीत पाळतात, ती त्यांनी स्वतःच्या घराच्या करारात मागितली, तर बिल्डरला ती द्यावी लागेल. शिवनसमुद्र जलविद्युत केंद्राच्या विजेवर 1905 मध्ये रस्ते उजळून आशियातल्या पहिल्या शहरांत नाव मिळवलेल्या बंगळुरूने हा पायंडा पाडावा. पुण्याने आणि मुंबईने तो उचलावा. खरेदीदारांनी एकत्र येऊन मागितल्याशिवाय हे होणार नाही, आणि मागितले तर नाही म्हणायला कुणाकडेही सबळ कारण नाही.