हजिरजामीन आणि फैलजामीन

जुन्या मराठी कागदपत्रांत जामिनाचे जे प्रकार आढळतात, त्यांतले तीन आजच्या वाचकाने मुद्दाम ध्यानात घ्यावेत असे आहेत. बोलावल्या दिवशी माणूस कचेरीत उभा राहील याची जो हमी घेई तो हजिरजामीन. त्याच्याकडून येणे असलेला ऐवज बुडणार नाही याची हमी घेणारा तो मालजामीन. आणि मोकळा असताना त्याची वर्तणूक नीट राहील, तो कोणाला धाकदपटशा करणार नाही, याची जबाबदारी शिरावर घेणारा तो फैलजामीन. जामीन हा शब्द तेव्हा न्यायाधीशाच्या हुकुमाला नव्हे, तर हमी घेणाऱ्या जित्याजागत्या माणसाला लागत असे. तो अर्थ आता पतपेढीच्या कर्जाला ‘जामीन राहणाऱ्या’ भिडस्त मेहुण्यापुरताच उरला आहे.

या तीन शब्दांची आठवण होण्याचे कारण तामिळनाडूतले आहे. २०११ ते २०१५ या काळात व्ही. सेंथिल बालाजी हे अण्णाद्रमुकच्या सरकारात परिवहनमंत्री होते, आणि त्या काळात परिवहन महामंडळांतल्या नोकऱ्या लाच घेऊन विकल्या गेल्या असा त्यांच्यावर आरोप आहे. पुढे त्यांनी पक्ष बदलला, २०२१ साली ते द्रमुकच्या सरकारात पुन्हा मंत्री झाले, आणि १४ जून २०२३ रोजी सक्तवसुली संचालनालयाने त्यांना अटक केली. ज्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली ही अटक झाली त्याच्या ४५व्या कलमाची तऱ्हा अशी की, आरोपी सकृद्दर्शनी दोषी नाही अशी न्यायाधीशाची खात्री पटल्यावाचून जामीन मिळत नाही; म्हणजे एक साक्षीदारही पिंजऱ्यात उभा राहण्यापूर्वी आरोपीने आपली निरपराधिता पटवून द्यावयाची. असे असताही २६ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बालाजींना जामीन दिला, तो त्यांच्या निरपराधित्वाविषयी यत्किंचितही मत न देता. दोन हजारांहून अधिक आरोपी आणि सहाशेहून अधिक साक्षीदार असलेले मूळ खटले नजीकच्या काळात संपणे अशक्य आहे, आणि जामिनाची अट कडक व खटल्याची चाल मंद या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, एवढाच त्या निकालाचा गाभा. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात वकिली सुरू केलेल्या न्यायमूर्ती अभय ओक यांनी तो लिहिला, आणि जिल्हा न्यायालयातील तारखा ज्याने उमेदीत पाहिल्या आहेत त्याचाच हात त्यात दिसतो, असे मला वाटल्यावाचून राहिले नाही.

विलंबाच्या कारणावरून दिलेला जामीन हा आरोपीच्या पदरात पडलेला कौल नसून सरकारने आपल्या असमर्थतेची दिलेली कबुली असते, ही गोष्ट आपल्याकडे कोणी ध्यानात घेत नाही. पुढारी तुरुंगाच्या दरवाजातून बाहेर येताच जेसीबीच्या फावड्यातून फुले उधळणारे कार्यकर्ते ‘सत्याचा विजय’ झाला म्हणून घोषणा देतात, तर अटकेच्या दिवशी पेढे वाटणारे विरोधक न्यायव्यवस्था विकली गेल्याचा कांगावा करतात. छगन भुजबळ मार्च २०१६ मध्ये आत गेले, मे २०१८ मध्ये जामिनावर बाहेर आले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये पुन्हा मंत्री झाले. त्या तिन्ही प्रसंगी महाराष्ट्रात जो वितंडवाद झाला, त्यात खटल्याचे काय झाले हा प्रश्न विचारणारे किती भेटले? अटक हीच शिक्षा आणि जामीन हीच निर्दोष मुक्तता, असा व्यवहार एकदा रूढ झाला की मधला पुराव्याचा भाग कोणालाच हवासा राहत नाही. आरोपीला तर नाहीच, पण ज्याच्यापाशी पुरावा तोकडा आहे त्या सरकारलाही नाही.

बालाजींची हकीकत मात्र जामिनापाशी संपली नाही. सुटकेनंतर तिसऱ्याच दिवशी, २९ सप्टेंबरला, त्यांनी मंत्रिपदाची शपथ घेतली. न्यायालय चकित झाले, मग नाराज झाले, आणि अखेर एप्रिल २०२५ मध्ये त्याने स्पष्ट विचारले की पद हवे की स्वातंत्र्य. बालाजींनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. आता, कायद्याच्या काटेकोर दृष्टीने पाहता, मंत्री होऊ नये अशी अट मूळ हुकुमात नव्हती. आठवड्यातून दोनदा संचालनालयात हजेरी, पारपत्र जमा, साक्षीदारांशी संपर्क नाही, अशा अटी होत्या. साक्षीदारांविषयीच्या त्या एका कलमात फैलजामिनाचा अंश होता खरा. परंतु ज्यांनी साक्ष द्यावयाची त्यांतले कित्येक सरकारी नोकर, आणि मंत्र्याला त्यांच्याशी चकार शब्द न बोलताही पुष्कळ काही कळवता येते, हे न्यायालयाला शपथविधीनंतर उमगले. त्याआधीचा इतिहास तर बोलका होता. २०२१ साली बालाजी मंत्री असतानाच फिर्यादी आणि आरोपी यांच्यात ‘तडजोड’ झाली म्हणून मद्रास उच्च न्यायालयाने एक फौजदारी प्रकरण रद्द केले होते, आणि ते २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा जिवंत करावे लागले होते. इतके दप्तरी असताना हजेरीच्या हमीवर भर देऊन वर्तणुकीची हमी अशी पातळ घ्यावी, ही चूक मला लहान वाटत नाही. आणि ती मागाहून आरोपीला कात्रीत धरून दुरुस्त करावी, हेही फारसे शोभले नाही.

याहून अवघड मुद्दा विलंबाच्या उगमाचा आहे. दोन हजार आरोपी आले कोठून? ज्यांनी नोकरीसाठी पैसे दिले, म्हणजे कोणी दागिने मोडून, कोणी उसनवार करून दिले, त्यांनाही लाच देणारे म्हणून राज्याच्या पोलिसांनी आरोपींच्या रांगेत बसवले. जुलै २०२५ मध्ये न्यायमूर्ती सूर्य कांत यांच्या पीठाने यावर उपरोधाने म्हटले की हा खटला चालवण्यास क्रिकेटचे मैदानच लागेल. हसू येते, पण ज्या विलंबामुळे आरोपीला मोकळीक मिळते, तो विलंब त्याच्याच पक्षाच्या सरकारच्या हाताखाली फुगत असेल, तर त्याचे श्रेय कोणाच्या खाती मांडावयाचे? म्हणून विलंबाचा जामीन देऊच नये असे मी म्हणणार नाही. पंधरा महिने माणूस आत आहे आणि खटल्याचा शेवट दिसत नाही, तेव्हा त्याला सोडणे हेच न्याय्य. सोडताना विलंब कोणी घडवला याची नोंद रोजनाम्यात व्हावी आणि वर्तणुकीची अट पदाकडे पाहून लिहिली जावी, इतकेच.

हा न्याय मोठ्यांच्या वाट्याला लवकर येतो हेही खरे. २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे दर चारांत तीन. एका तालुका न्यायालयाच्या व्हरांड्यात मी एकदा निम्मा दिवस बसलो होतो. शेजारी एक बाई बसली होती. मुलाला जामीन मंजूर होऊन पाच आठवडे झाले होते, आणि तो अद्याप आतच होता. जामीनदार म्हणून पुढे आलेल्या चुलत्याचा सातबारा सामाईक निघाला, म्हणून ऐपतीचा दाखला मिळेना. दाखला देणारे साहेब निवडणुकीच्या कामावर होते. तिने तो सातबारा पदराच्या टोकात बांधून ठेवला होता आणि घडीच्या खुणांवर शाई पुसट झाली होती. पट्टेवाल्याने पुकारा केला की ती दर वेळी उठे, नाव दुसऱ्याचे निघाले की बसे, आणि मला विचारी, “भाऊ, सामाईक म्हणजे त्याचं नाहीच का हो?”