चाळीस नकारांनंतर



मोटारशर्यतींच्या इतिहासाचे दफ्तर चाळू लागले, की गाब्रिएले तारक्विनी या इटालियन चालकाच्या नावापुढे एक विलक्षण नोंद आढळते. फॉर्म्युला वनच्या ७८ शर्यतींसाठी त्यांचे नाव दाखल झाले, आणि त्यांपैकी ४० वेळा प्रत्यक्ष शर्यतीत उभे राहण्याची पात्रताच त्यांना लाभली नाही. इतक्या वेळा उंबरठ्यावरून परत गेलेला दुसरा चालक त्या दफ्तरात नाही.

हे कसे घडले, ते जाणून घेतल्यावाचून त्या आकड्याला अर्थ नाही. १९८९ च्या सुमारास शर्यतीत धावू इच्छिणाऱ्या गाड्या इतक्या झाल्या होत्या, की दुर्बल संघांसाठी पूर्वपात्रता नावाची एक कठोर चाळणी मुक्रर झाली. शुक्रवारी सकाळी आठ ते नऊ ही तिची मुदत. त्या एका तासात जे चौघे सर्वांत वेगवान ठरतील त्यांनी पुढे जावे, आणि उरलेल्यांनी, आठवडाअखेरचे खरे काम सुरू होण्यापूर्वीच, आपले सामान बांधावे. तारक्विनी त्या वर्षी एजीएस या छोट्या फ्रेंच संघात होते. संघाचे चालक फिलिप स्ट्राइफ सरावात भीषण जायबंदी झाल्यामुळे रिकामी झालेली ती जागा होती. मे महिन्यात मेक्सिकोत त्यांनी सहावा क्रमांक मिळवून एक गुण कमावला, आणि फॉर्म्युला वनमधील तो त्यांचा एकमेव गुण ठरला. परंतु हंगामाच्या मध्यावर संघांची फेरवाटणी झाली, एजीएसला त्या सकाळच्या तासात ढकलण्यात आले, आणि वर्ष संपेपर्यंत त्या चाळणीतून तारक्विनी एकदाही पार झाले नाहीत. पुढे तो संघ बंद पडला. तारक्विनी ज्या फोंडमेटल संघात गेले, त्यानेही १९९२ मध्ये गाशा गुंडाळला.

येथे पुष्कळांची कारकीर्द संपली असती, आणि कोणी त्यांना दोषही दिला नसता. तारक्विनी मात्र टूरिंग कारकडे वळले. या शर्यतीतील गाडी बाह्यतः आपल्या रस्त्यावर धावणाऱ्या कौटुंबिक मोटारीसारखीच असते. दारे एकमेकांना घासतात, मागचा पुढच्याला धक्का देतो, आणि पहिल्या शर्यतीत अग्रस्थानी आलेल्यांना अनेकदा दुसऱ्या शर्यतीत उलट्या क्रमाने मागून निघावे लागते. इतकेच नव्हे, तर यशस्वी गाडीत पुढल्या खेपेस वजन लादण्याचा नियमही या क्रीडेत रूढ आहे. विजयाचे ओझे अक्षरशः किलोग्रॅममध्ये वाहावे लागावे, अशी क्रीडा मला तरी दुसरी फारशी ठाऊक नाही.

या गाड्यांचे मर्म त्यांच्या पुढल्या चाकांत असते. तारक्विनी ज्या आल्फा रोमिओ, सेआत आणि ह्युंदाई गाड्यांवर विजेते झाले, त्या सर्वांत गाडी ओढण्याचे, वळविण्याचे आणि थांबविण्याचे बहुतेक काम पुढच्याच दोन टायरांवर पडते. उतावळा चालक ते टायर पहिल्या काही फेऱ्यांतच तापवून निकामी करतो. जो आवरून चालवितो, आजचे चार गुण पदरात पाडून उद्याच्या शर्यतीची वाट पाहतो, त्याच्या हाती हंगामाच्या अखेरीस काही उरते. तारक्विनींच्या अंगचे गुण एकाएकी बदलले, असे मला वाटत नाही. एका तासाच्या परीक्षेत, दुर्बळ गाडीत, ज्या धीराची कोणी कदर केली नव्हती, त्याच धीराला वर्षभराचा हिशेब मांडणाऱ्या या क्षेत्रात किंमत आली.

१९९४ साली ब्रिटिश अजिंक्यपदाच्या पहिल्या पाचही शर्यती त्यांनी आल्फा रोमिओ १५५ मधून जिंकल्या आणि ते पद मिळविले. २००३ मध्ये युरोपचे विजेतेपद आले. त्यानंतर फ्रेंच चालक इव्हान म्युलर यांच्याशी त्यांची जी दीर्घ स्पर्धा चालली, ती या कथेचा सर्वांत सुंदर भाग होय. विश्व अजिंक्यपदात २००८, २०१० आणि २०१३ या तिन्ही वर्षी म्युलर पहिले आणि तारक्विनी दुसरे. केवळ २००९ मध्ये, मकाऊच्या अरुंद रस्त्यांवरील अखेरच्या शर्यतींनंतर, अवघ्या चार गुणांच्या फरकाने तारक्विनी विश्वविजेते झाले. स्वतःहून सात वर्षांनी धाकट्या प्रतिस्पर्ध्याकडून पुनःपुन्हा हरूनही पुढल्या हंगामाच्या पहिल्या सकाळी पुन्हा हजर होणे, हे मला त्या विजेतेपदाहूनही मोठे वाटते.

आणि श्रोतेहो, प्रकरण तेथे मिटले नाही. २०१८ मध्ये जागतिक टूरिंग कार चषकासाठी हे दोघे पुन्हा समोरासमोर आले, या वेळी दोघेही ह्युंदाईच्याच गाड्यांत, आणि निकाल पुन्हा मकाऊमध्येच लागला. म्युलर यांचे गुण ३०३ झाले, तारक्विनींचे ३०६. विजेत्याचे वय त्या दिवशी ५६ वर्षांचे होते, आणि त्यानंतरही आणखी तीन हंगाम धावून, २०२१ च्या अखेरीस, त्यांनी शर्यतींचा निरोप घेतला.