शिरेतले लोह आणि धरलेला उपवास

रक्तक्षयावर शिरेतून लोह दिले, तर धरलेला उपवास मोडतो का? नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न वणीच्या सप्तशृंगीचे नवरात्र धरणाऱ्या घरात उभा राहतो, तसाच मालेगावात रोजे ठेवणाऱ्या घरात आणि वर्षीतपासारखे जैन तप करणाऱ्या घरातही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. व्रते धरणाऱ्यांतही स्त्रियाच पुढे असतात. त्यामुळे हा प्रश्न क्वचित कोणाला पडणारा नाही.

उत्तर द्यायचे तर सलाईनमधून काय जाते ते आधी पाहायला हवे. सरकारी दवाखान्यात बहुधा आयर्न सुक्रोज वापरतात. गडद तपकिरी रंगाच्या या औषधाच्या ५ मिलिलिटरच्या अँप्यूलमध्ये १०० मिलिग्रॅम लोह असते. दोन अँप्यूल १०० मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळून साधारण अर्ध्या तासात देतात आणि एक दिवस सोडून पुन्हा बोलावतात. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज हे दुसरे औषध एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येते. सुरुवातीला थेंब हळू सोडतात, नाडी व रक्तदाब पाहतात आणि सलाईन संपल्यावरही अर्धा तास बाईला बसवून ठेवतात, कारण क्वचित का होईना, तीव्र ॲलर्जी उद्भवू शकते. सुई शिरेबाहेर सरकली तर औषध कातडीखाली झिरपते आणि तिथला तपकिरी डाग महिनोन्‌महिने जात नाही.

आयर्न सुक्रोजमध्ये लोहाभोवती साखर असते. २०० मिलिग्रॅम लोहाबरोबर सुमारे ३ ग्रॅम साखर शरीरात जाते. मग हे अन्न झाले का? साखर पचवणारे विकर लहान आतड्याच्या अस्तरात असते, रक्तात नसते. शिरेतून गेलेली ही साखर न पचता बहुतांशी लघवीवाटे निघून जाते. तिने भूक भागत नाही, तोंडाला चव येत नाही, अंगात तरतरीही येत नाही. लोहापासूनही ऊर्जा मिळत नाही. ते यकृत-प्लीहेतल्या पेशींत साठते आणि तिथून अस्थिमज्जेत जाऊन नव्या तांबड्या पेशींच्या कामी येते. म्हणून एचबी, म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिन, त्याच दिवशी चढत नाही, तीन-चार आठवडे जावे लागतात. उपवास जे सोडायला सांगतो, त्यातले या सलाईनमध्ये काहीच नाही.

धर्मग्रंथांचा कलही इकडेच आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ हा धर्मनिर्णयाचा ग्रंथ लिहिला. पाणी, कंदमुळे, फळे, दूध यांसारख्या ज्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असे त्यातली व्रतनिर्णयाची परंपरा मानते, त्यांत औषधही येते. लोहाला औषध मानणेही नवे नाही. चरकसंहितेत पांडुरोगावरच्या चिकित्सेत लोहाचे नवायस चूर्ण सांगितले आहे. जैन परंपरेत पच्चक्खाण, म्हणजे त्यागाची प्रतिज्ञा, घेतानाच त्याचे आगार, म्हणजे सवलती, उच्चारतात. दुखण्यात चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची सूट त्यांत आहे. इस्लाममध्ये जेद्द्याच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने १९९७ मध्ये शिरेतल्या इंजेक्शनाने रोजा तुटत नाही असा निर्णय दिला, मात्र पोषण देणारी द्रव्ये त्यातून वगळली. लोहाच्या सलाईनला हा अपवाद लागू पडत नाही, असे वर पाहिलेल्या शरीरक्रियेवरून म्हणता येते. मालेगावातल्या बाईला तिच्या मौलवींचा शब्द प्रमाण असेल, तर त्यांच्यापुढे हीच माहिती ठेवायला हवी.

सुईचा प्रश्न इथे सुटतो. त्यामागचा प्रश्न अधिक अवघड आहे: जे आपले नाही, ते व्रतात देता येते का?

तपाचा अर्थ स्वतःच्या मालकीचे सोडणे. गरोदरपणात मात्र शरीरातल्या लोहाचे दोन वाटेकरी असतात. पूर्ण गरोदरपणाला सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते आणि त्यातले ३०० च्या आसपास गर्भ व वारेकडे जाते. त्यात उपवासाच्या दिवशी ताटात साबुदाणा असतो, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. वर दिवसभरात तीन-चार कप चहा होतो, आणि चहातले टॅनिन अन्नातले लोह अडवते. असा आठवडा ज्या बाईचा एचबी ८ आहे तिने काढला, तर तिने सोडलेला घास तिच्या एकटीचा राहत नाही. गर्भाने संकल्प केलेला नसतो. त्यामुळे सलाईन घेतले, आता नऊ दिवस निभावून जातील, हा हिशेब धर्माच्या बाजूनेही चुकीचा ठरतो. उपवासात तग धरवणे हा या औषधाचा उपयोगच नाही.

परंपरेने हे फार पूर्वी ओळखले होते. गर्भवती व बाळंतिणीने पूर्ण उपवासाऐवजी नक्त करावे, म्हणजे रात्री एकदा जेवावे, किंवा व्रत दुसऱ्याकडून करवून घ्यावे, असे व्रतग्रंथ सांगतात. कुराणाने आजाऱ्याला रोजे पुढे भरून काढण्याची मुभा दिली आहे आणि फिक्हने, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राने, ती गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीपर्यंत नेली आहे. तरीही ‘आमच्या वेळी आम्ही सगळं केलं’ हे घरातले वाक्य या सवलतींपेक्षा जड पडते. बहुतेक व्रते नवऱ्यासाठी, मुलासाठी धरलेली असतात. ती सोडायची म्हटली की बाईला स्वतःच्या दुखण्याची नव्हे, त्यांच्या अनिष्टाची धास्ती वाटते. ही धास्ती तिने एकटीने काढायची नसून, ज्यांच्यासाठी व्रत आहे त्यांनी काढायची आहे. सासूने ‘या वर्षी मी धरते, तू जेव’ म्हटले, तर ते शास्त्राला धरूनच होते. दवाखान्यात सोबत आलेल्या नवऱ्यालाही औषधाबरोबर हे सांगणे उपचाराचाच भाग मानायला हवे. बाळंतपणात रक्त जाते, अंगावर पाजणे सुरू होते, म्हणून लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर आणखी सहा महिने चालू ठेवायच्या असतात. सोडलेले व्रत पुन्हा धरण्याचा विचार त्या मुदतीनंतर, एचबी पुन्हा तपासूनच करावा.